शिक्षणशास्त्रीय लघुप्रबंध : रूप आणि रचना

कादंबरीची घडण, काव्याची बांधणी, नाटकाची अंकरचना यांची चर्चा अशा पृष्ठांवर नित्य होत असते. त्या पंक्तीस शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने पदवीसाठी लिहिलेला लघुप्रबंध आणून बसवावयाचा, हे काही वाचकांस धाडसाचे वाटेल. तो वाङ्मय नव्हे, परीक्षेचे एक साधन आहे, असा आक्षेप येईल. आक्षेपात तथ्य आहे. तथापि ज्या गद्यातून उद्याचा शिक्षक आपल्या व्यवसायाविषयी पहिल्यानेच पन्नास-शंभर पृष्ठे सलग लिहितो, ते गद्य समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. माणूस जसा लिहितो तसा विचार करावयास शिकतो, आणि शिक्षक जसा विचार करतो तसा तो वर्गात मुलांपुढे उभा राहतो. लघुप्रबंधाच्या रचनेचा प्रश्न म्हणूनच केवळ समासांचा आणि पृष्ठांकांचा नाही.

हा प्रश्न आजच विचारण्यास कारण आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी बी.एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि विद्यार्थ्याने किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावेत अशी अट घातली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनास स्थान दिले. मध्य प्रदेशाने त्या धोरणाची अंमलबजावणी 2021-22 पासून आरंभली. 2023-24 पासून निवडक संस्थांत चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. भोपाळ तर अध्यापक-शिक्षणाचे जुने केंद्र. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर आणि भोपाळ येथे जी चार क्षेत्रीय शिक्षण महाविद्यालये निघाली, त्यांतील एक आमच्या श्यामला टेकडीवरचे. परिणामी हबीबगंजसारख्या वस्तीतील शाळांत छात्राध्यापक येतात, पाठ घेतात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि जातात. पुढे त्यांचे लिखाण कोणाकोणाच्या आग्रहाने आमच्यापर्यंत वाचावयास येते. येथे जे लिहीत आहोत ते कोणा एका संस्थेविषयी किंवा विद्यार्थ्याविषयी नाही. भोपाळात हे लेखन बहुधा हिंदीत होते, महाराष्ट्रात मराठीत. साचा मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि आमचे बोलणे त्या साच्याविषयी आहे.

तो साचा आता सर्वपरिचित झाला आहे. आरंभी मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, सारण्यांची सूची. मग पाच प्रकरणे : प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधनपद्धती, सामग्रीचे विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. अखेरीस संदर्भसूची आणि परिशिष्टे. या साच्याची कुचेष्टा करण्याची एक रीत अलीकडे पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. पाच प्रकरणे म्हणजे चिकित्सक वाचकाच्या मनात ओळीने उठणाऱ्या पाच प्रश्नांची उत्तरे आहेत. तू काय विचारतोस? तुझ्यापूर्वी इतरांनी याविषयी काय म्हटले? तू कसे पाहिलेस? तुला काय दिसले? आणि त्यावरून किती म्हणता येते? हा क्रम स्वाभाविक आहे. दोष येतो तो साचा आधी घेऊन त्यात भरण्याजोगे काही शोधीत हिंडण्याने. प्रश्न नसताना प्रकरणे होतात, तेव्हा पाचही कप्पे भरलेले दिसतात आणि त्यांना जोडणारा धागा कोठेच आढळत नाही.

आपल्या परंपरेस ही जाणीव नवी नाही. पूर्वमीमांसेत एका अधिकरणाची पाच अंगे मानली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती. ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगावेत, असा दंडक आहे. कौटिलीय अर्थशास्त्राचे शेवटचे अधिकरण तर शास्त्रग्रंथ रचण्याच्या बत्तीस तंत्रयुक्तींची यादी देऊनच संपते. आजची पाच प्रकरणे त्यांतून निघाली, असा पोकळ अभिमान आम्ही बाळगत नाही. ती पाश्चात्य विद्यापीठांतून आली हे उघड आहे. पण ताडून पाहिले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. मीमांसकांच्या रचनेत विषयानंतर लगेच संशय येतो आणि सिद्धांतापूर्वी पूर्वपक्षाला त्याच्या पूर्ण बळानिशी बोलू दिले जाते. आमच्या लघुप्रबंधांत नेमकी हीच दोन अंगे लोपली आहेत. विषय असतो, संशय नसतो. मागील संशोधनांची जंत्री असते, पूर्वपक्ष नसतो. संशयच नसेल तर पुढील शंभर पृष्ठे कशाचे निरसन करतात, हा प्रश्न शिल्लक राहतो.

शीर्षकापासून पाहू. ‘भोपाळ शहरातील माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या भाषिक क्षमतेचा अभ्यास’ अशा धर्तीची शीर्षके सर्रास दिसतात. यात शहर आहे, स्तर आहे, क्षमता आहे. शंका कोठेही नाही. या शीर्षकाखाली काहीही लिहिता येईल, आणि जेथे काहीही लिहिता येते तेथे काहीच तपासता येत नाही. उलट एक लहान शंका घेऊ. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे मराठीत अखेरचा इकार-उकार, तत्सम शब्दांतसुद्धा, सामान्यतः दीर्घ लिहिला जातो : कवी, शक्ती, स्थिती, वस्तू. हिंदीत हेच शब्द ऱ्हस्वान्त आहेत : कवि, शक्ति, स्थिति, वस्तु. आमच्या वस्तीतील रेल्वेस्थानकाचे नाव नोव्हेंबर 2021 मध्ये बदलले. हिंदीत ते ‘रानी कमलापति’ असे लिहितात, मराठी मुलगा ते ‘राणी कमलापती’ असे लिहील. वडिलांची बदली झाल्यामुळे महाराष्ट्रातील शाळेतून भोपाळच्या हिंदी शाळेत आलेल्या मुलाच्या वहीत ‘कवी’ या शब्दावर लाल खूण पडते. ती चूक अज्ञानाची आहे की दुसऱ्या भाषेतील बरोबर नियमाची? हा संशय. तो एका वाक्यात मावतो, एका विद्यार्थ्याला वीस आठवड्यांत पेलतो, आणि त्याच्या उत्तरावर एका मुलाचे गुण आणि थोडाफार आत्मविश्वास अवलंबून आहे.

आता या एका शंकेभोवती पाचही प्रकरणे कशी आकार घेतात ते पाहावे. पहिल्या प्रकरणाचा सध्याचा रिवाज असा की वैदिक काळातील शिक्षणापासून प्रारंभ करावा, मग बौद्ध विहार, मग मध्ययुग, मग मेकॉले, आणि विसाव्या पृष्ठावर आपल्या शाळेच्या फाटकाशी पोहोचावे. हा प्रवास वाचकास थकवितो आणि लेखकास काहीच शिकवीत नाही. शंका ऱ्हस्वदीर्घाची असेल तर प्रस्तावनेत तीन गोष्टी पुरतात : दोन भाषांच्या नियमांतील भेद, असा मुलगा वर्गात येतो कसा, आणि या शंकेचे निरसन झाल्याने कोणाचा काय लाभ. उद्दिष्टे सात-आठ लिहिण्याची चढाओढही अनाठायी आहे. प्रत्येक उद्दिष्ट हे वाचकास दिलेले एक वचन असते. चौथ्या प्रकरणात ज्याची सारणी नाही आणि पाचव्यात ज्याचे उत्तर नाही, ते उद्दिष्ट पहिल्या प्रकरणातून खोडले पाहिजे. परीक्षकाने उद्दिष्टे व निष्कर्ष समोरासमोर ठेवून एवढेच एकदा तपासले, तर बहुतेक लघुप्रबंधांचा निकाल तेथल्या तेथे लागेल.

दुसऱ्या प्रकरणाची अवस्था अधिक शोचनीय आहे. अमुक यांनी अमुक साली अमुक अभ्यास केला व त्यांना असे आढळले. तमुक यांनी तमुक साली तसा अभ्यास केला व त्यांना तसे आढळले. अशा तीस परिच्छेदांची माळ ओवलेली असते. दोन संशोधकांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी ते शेजारी शेजारी सुखाने नांदतात. वस्तुतः हे प्रकरण म्हणजे पूर्वपक्षाची सभा होय. आमच्या उदाहरणात एक पक्ष म्हणेल : मातृभाषेची सवय दुसऱ्या भाषेच्या लेखनात उतरते. दुसरा म्हणेल : हिंदी घरांतील मुलेही ‘कवी’ असेच लिहितात, कारण बोलण्यात अखेरचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे कानाला नीट उमगत नाही, तेव्हा यात मराठीचा दोष नाही. हा दुसरा पक्ष प्रबळ आहे, आणि प्रबळ आहे म्हणूनच त्याला डावलता येत नाही. त्याला प्रामाणिकपणे मांडले की तिसऱ्या प्रकरणाची दिशा आपोआप ठरते : केवळ मराठी मुले तपासून भागणार नाही, त्यांच्याच बाकांवरची हिंदी घरांतील मुलेही तपासावी लागतील. दुसऱ्या प्रकरणातून तिसरे असे जन्मास आले पाहिजे. हल्ली ती दोन्ही अनोळखी शेजाऱ्यांसारखी राहतात.

तिसरे प्रकरण पद्धतीचे. येथे व्याख्यांचे पीक अमाप येते : संशोधन म्हणजे काय, न्यादर्श म्हणजे काय, परिकल्पना म्हणजे काय, याविषयी पाठ्यपुस्तकांतील उतारेच्या उतारे. परीक्षकास हे ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच की त्या दिवशी त्या वर्गात काय घडले. कोणते शब्द घातले? दोन्ही भाषांत जे शब्द सारखे लिहिले जातात, जसे नदी, स्त्री, लक्ष्मी, ते मिसळले का? नसतील मिसळले तर मुलगा सर्वत्रच अडखळतो की भेद असलेल्या शब्दांतच, हे कसे कळणार? ‘शक्तिमान’सारखा शब्द, ज्यात मराठीही पूर्वपदाचा ऱ्हस्व राखते, घातला का? शब्द वाचून दाखविले की वाक्यात घालून? तास पहिला होता की मधल्या सुट्टीनंतरचा? ही माहिती अर्ध्या पृष्ठात मावते, पण तीच नेमकी गाळली जाते. पद्धतीच्या प्रकरणाची कसोटी अगदी साधी आहे : ते वाचून दुसऱ्या शाळेतील दुसऱ्या शिक्षकाला तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे.

याच ठिकाणी आणखी एका घोळाचा निर्देश करणे अवश्य आहे. स्टीफन कोरी यांचा कृतिसंशोधनावरील ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर, शिक्षकाने आपल्याच वर्गातील अडचण आपल्याच प्रयत्नाने तपासावी, हा विचार सर्वत्र पसरला आणि आपल्या अध्यापक महाविद्यालयांतही रुजला. कृतिसंशोधनाचा आत्मा पुनरावृत्तीत आहे. योजना करावी, कृती करावी, निरीक्षण करावे, विचार करावा, योजना सुधारून पुन्हा आरंभ करावा. परंतु हे फिरते चक्र सरळ रेषेतील पाच प्रकरणांत कोंबले की पहिला प्रयत्न फसला ही मोलाची गोष्टच लोप पावते. कागदावर सर्व योजना पहिल्याच फेरीत यशस्वी झालेल्या दिसतात. शाळेत तीस वर्षे घालविलेल्या कोणाचाही यावर विश्वास बसणार नाही. आमची सूचना अशी की कृतिसंशोधनाच्या लघुप्रबंधात तिसरे व चौथे प्रकरण एकत्र करून फेरीनुसार भाग पाडावेत : पहिली फेरी, काय फसले, काय बदलले, दुसरी फेरी. नियमावलीने प्रकरणांची संख्या ठरवून दिली असली तर हे भाग पोटविभाग म्हणून घालता येतात; नियम मोडण्याचे कारण पडत नाही.

चौथ्या प्रकरणात आकडे येतात आणि आकड्यांबरोबर एक खोटा दरारा येतो. बारा मुलांपैकी आठ मुलांनी दीर्घ लिहिले, ही वस्तुस्थिती. ती सारणीत ‘66.67 टक्के’ अशी अवतरते, तिच्या शेजारी स्तंभालेख उभा राहतो आणि खाली पुन्हा वाक्य येते की 66.67 टक्के मुलांनी दीर्घ लिहिले. एकच गोष्ट तीनदा सांगितली गेली आणि बारा हा आकडा मात्र वाचकाच्या नजरेआड झाला. एका मुलाने वेगळे लिहिले असते तर ही टक्केवारी आठांहून अधिक अंशांनी हलली असती, हे दोन दशांश स्थळांच्या पोशाखाखाली झाकून जाते. लहान संख्या लहान म्हणूनच सांगावी. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. जेथे बाराच मुले आहेत तेथे प्रत्येकाच्या वहीतील एखादा नमुना परिशिष्टात, नाव न देता, छापता येतो. तो पाहून वाचक स्वतः निर्णय करील. आमच्या मते शिक्षणशास्त्रातील खरी सामग्री म्हणजे मुलाच्या हातची रेघ होय. टक्केवारी ही तिची सावली.

शेवटचे प्रकरण शिफारशींचे. ‘शासनाने लक्ष द्यावे’, ‘पालकांनी जागरूक असावे’, ‘शिक्षकांनी नवनवीन तंत्रांचा अवलंब करावा’ : ही वाक्ये कोणत्याही लघुप्रबंधाच्या शेवटी जोडता येतात, म्हणूनच ती कोणत्याच लघुप्रबंधाची नसतात. याच्या उलट 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन पाहावे. तो प्रबंध नाही आणि फुले कोणा विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. तरीही रचनेच्या दृष्टीने शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यापासून धडा घ्यावा असे ते आहे. आपला अनुभव प्रामुख्याने पुणे आणि भोवतालची खेडी यांपुरता आहे, असे ते आरंभीच सांगतात. ज्याला आपण ‘मर्यादा’ म्हणतो आणि पहिल्या प्रकरणाच्या तळाशी ढकलतो, ती त्यांनी दारातच ठेवली. मग मूळ मुद्दा : सारा भरतो तो शेतकरी आणि त्या पैशातून शिकतो तो वरचा वर्ग. मग प्राथमिक शाळा, देशी शाळा, उच्च शिक्षण अशी क्रमवार चिकित्सा. आणि शिफारशी कशा? शिक्षकाचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचनलेखन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे असावेत. कोणी, काय, किती, हे सारे त्यात आहे. ही शिफारस मान्य करता येते किंवा नाकारता येते. ‘लक्ष द्यावे’ ही सूचना नाकारतासुद्धा येत नाही. आमच्या उदाहरणातील विद्यार्थ्याने एवढेच लिहावे की महाराष्ट्रातून आलेल्या मुलाच्या वहीत पहिले सत्रभर अशा शब्दांवर गुण न कापता केवळ खूण करावी आणि दोन्ही नियम शेजारी लिहून द्यावेत. ही शिफारस एक शिक्षक उद्या सकाळी अमलात आणू शकतो.

प्रकरणांच्या परस्परसंबंधाचे उत्तम उदाहरण हवे असल्यास ते आपल्या प्रदेशात जन्मलेल्या एका मराठी विद्वानाच्या ग्रंथात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म 1891 मध्ये महू येथे झाला. लंडन येथील पदवीसाठी लिहिलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध 1923 मध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्याची केवळ सात प्रकरणशीर्षके ओळीने वाचावीत. दुहेरी चलनमानाकडून रौप्यमानाकडे, रौप्यमान आणि त्याच्या समतेचा बिघाड, रौप्यमानाच्या अस्थिरतेचे दुष्परिणाम, सुवर्णमानाच्या दिशेने, सुवर्णमानाकडून सुवर्ण-विनिमयमानाकडे, विनिमयमानाची स्थिरता, सुवर्णमानाकडे पुनरागमन. अर्थशास्त्र न जाणणाऱ्या वाचकासही येथे एक चाल दिसते : कोठून निघालो, कोठे बिघडले, कोणत्या वळणावर चुकलो, परत कोठे जावे. अनुक्रमणिका हाच युक्तिवादाचा सांगाडा झाला आहे. आणखी एक विशेष असा की ग्रंथास एडविन कॅनन यांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत त्यांनी लेखकाशी असलेला आपला मतभेद मोकळेपणाने नोंदविला आहे. रचना इतकी स्वच्छ असली की विरोधकालाही आपण नेमके कोठे असहमत आहोत हे बोट ठेवून दाखविता येते. पदवीच्या विद्यार्थ्याने त्या विद्वत्तेची बरोबरी करावी, असे कोणीही म्हणणार नाही. पण आपली अनुक्रमणिका एकदा मोठ्याने वाचून पाहावी, तिच्यातून आपले म्हणणे ऐकू येते का ते तपासावे, एवढे त्याला सहज करता येईल.

आता बाह्य रूपाविषयी. समास, अक्षराचा आकार, ओळींतील अंतर यांना काही प्राध्यापक क्षुद्र मानतात आणि काही सर्वस्व मानतात. दोघेही नियमामागील कारण सांगत नाहीत. डावा समास अधिक राखावयाचा तो बांधणीत अक्षरे गिळली जाऊ नयेत म्हणून. ओळींत मोकळे अंतर ठेवावयाचे ते परीक्षकास शेरा लिहिता यावा म्हणून. आरंभीच्या पृष्ठांस निराळे अंक द्यावयाचे ते ऋणनिर्देश, सूच्या वगैरे शेवटी तयार होतात आणि त्यांच्या वाढघटीने मुख्य ग्रंथाचे पृष्ठांक बदलू नयेत म्हणून. कारण समजले की नियम ओझे वाटत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघाची संदर्भ-लेखनाची जी शैली आज आपल्या शिक्षणशास्त्र विभागांत प्रमाण मानली जाते, तिचा आरंभ 1929 मधील अवघ्या सात पृष्ठांच्या लेखाने झाला. 2019 च्या सातव्या आवृत्तीत ती चारशेहून अधिक पृष्ठांची झाली आहे. मूळ हेतू एवढाच होता की वाचकास लेखकाचा आधार विनासायास सापडावा.

तो हेतू ध्यानी धरला तर देवनागरी संदर्भसूचीचे प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागतील, हे उघड होईल. ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’ वर्णाखाली येईल की वर्णमालेच्या अखेरीस? शब्दकोश एक सांगतात, शाळेतील वर्णमाला दुसरे. ‘कुसुमाग्रज’ येथे पाहावे की ‘शिरवाडकर’ येथे? जुन्या मराठी पुस्तकावर शके 1884 आणि हिंदी पुस्तकावर विक्रम संवत 2019 छापले असेल, तर दोन्ही 1962 च्या सुमाराची आहेत हे वाचकाने कसे ओळखावे? ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, त्या 1964-66 च्या शिक्षण आयोगाचा अहवाल एकाच सूचीत आयोगाच्या नावाने, कोठारी यांच्या नावाने आणि ग्रंथशीर्षकाने असा तीनदा येतो आणि वाचकास तीन ग्रंथ वाटतात. भोपाळ विद्यापीठाची स्थापना 1970 ची. 1988 मध्ये ते बरकतउल्ला विद्यापीठ झाले. जुन्या प्रबंधाची नोंद करताना त्याच्या मुखपृष्ठावर जे नाव छापले आहे तेच द्यावे आणि नवे नाव कंसात घालावे. आमचे मत असे की यांपैकी कोणताही एक पर्याय निवडला तरी चालेल. तो सूचीच्या डोक्यावर एका ओळीत सांगावा आणि अखेरपर्यंत पाळावा. एकवाक्यता हीच येथे शुद्धता होय.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि त्याला आम्ही टाळू इच्छीत नाही. पदवीचा विद्यार्थी नवशिका आहे. त्याला प्रश्न शोधावयास लावणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास खोल पाण्यात लोटणे. साचा हाच त्याचा आधार आहे, असे अनुभवी प्राध्यापक म्हणतात. नवशिक्याला आधार हवा, हे निर्विवाद. पण भोपळा पाठीस बांधून पाण्यात उतरणारा मुलगा हातपाय मारतो म्हणून पोहावयास शिकतो. काठावर बसून भोपळ्यालाच रंग देणारा शिकत नाही. साचा ठेवावा, त्यात उतरण्याचा क्रम तेवढा बदलावा. विद्यार्थ्याने प्रथम शाळेत दोन आठवडे केवळ पाहावे आणि रोज अर्धे पृष्ठ टिपण लिहावे. त्यांतून एक शंका निवडावी व ती एका वाक्यात मार्गदर्शकापुढे ठेवावी. मग तिसरे प्रकरण लिहावे, मग चौथे, मग दुसरे, मग पाचवे. आणि पहिले प्रकरण सर्वांत शेवटी. दाराचे तोरण घर उभे राहिल्यावरच बांधतात.

हा क्रम आज निकडीचा झाला आहे, याला आणखी एक कारण आहे. पाचही प्रकरणांचे सफाईदार, निर्दोष आणि निःसत्त्व गद्य आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. वैदिक काळापासूनचा इतिहास, संशोधनाच्या व्याख्या, सर्वांना लागू पडणाऱ्या शिफारशी, हे सर्व त्यात असते. याबद्दल यंत्राला दोष देण्यापूर्वी हे कबूल केले पाहिजे की वर्षानुवर्षे आपण विद्यार्थ्यांकडून हेच मागत आलो. जे यंत्राला लिहिता येत नाही, ते म्हणजे एका विशिष्ट वर्गात, एका विशिष्ट दिवशी, एका मुलाने केलेली आणि शिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेली चूक. लघुप्रबंधाची किंमत यापुढे तिच्यावरूनच ठरवावी लागेल.

आमच्या शाळांत येणारा छात्राध्यापक काही महिन्यांनी निघून जातो. ज्या मुलांवर त्याने प्रश्नावली भरून घेतली ती तेथेच राहतात. त्यांनी आपला एक तास त्याला दिलेला असतो. त्या तासाच्या बदल्यात त्याच्या ग्रंथात त्यांना स्थान मिळते ते सारणीतील एका अंकाचे, आणि तो अंकही पुष्कळदा त्यांच्याशिवायच भरता आला असता असे वाटते. असा ग्रंथ लिहून जो शिक्षक होतो, तो मुलांकडे न पाहता मुलांविषयी बोलता येते, हा धडा घेऊन वर्गात शिरतो. आणि तो धडा तीस वर्षे त्याच्याबरोबर राहतो. परीक्षकांनी आणि मार्गदर्शकांनी लघुप्रबंध हाती घेताना प्रथम पृष्ठसंख्या पाहू नये. त्यात एक तरी मूल दिसते का, हे पाहावे. दिसत असेल तर समासाची आणि सूचीची दुरुस्ती एका दुपारी होईल. दिसत नसेल तर तो ग्रंथ, कितीही सुबक बांधलेला असो, विद्यार्थ्याला परत द्यावा आणि त्याला पुन्हा एकदा वर्गात धाडावे.